आफ्रिकन नदीतला कॅटफिश घरच्या टँकमध्ये: सांगलीच्या पाण्यात सिनोडॉन्टिस कसा सांभाळायचा

आमच्या गावभागातल्या घरी हॉलमध्ये चार फुटी टँक आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा मासा दिवसा दिसतच नाही. पाहुणे येतात, काचेला नाक लावून बघतात आणि म्हणतात, "नुसतं पाणीच आहे की ओ यात." रात्री साडेनऊला हॉलची लाईट घालवली की पाच-दहा मिनिटांत लाकडाच्या मागून आधी मिशा बाहेर येतात, मग डोळे, आणि मग आठ इंची फेदरफिन, म्हणजे सिनोडॉन्टिस गटातला मिशीवाला आफ्रिकन मासा, सगळ्या टँकभर फिरायला लागतो, पाठीवरचा पंख शिडासारखा उभा करून. २०१६ पासून तो माझ्याकडं आहे, दोन महापूर बघितलेत त्यानं. ओळखीचे बरेच जण विचारतात की असला मासा आम्हाला पण ठेवायचाय, काय काय लागतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

आधी एक घोळ मिटवूया

दुकानात जाऊन "आफ्रिकन कॅटफिश आहे का" असं विचारू नका, कारण आपल्याकडं त्या नावानं भलताच मासा ओळखला जातो. तो म्हणजे क्लॅरिअस गॅरीपायनस, बाजारात ज्याला थाई मांगूर किंवा हायब्रीड मांगूर म्हणतात तो. हा पण मूळचा आफ्रिकेतल्या नद्यांचाच, पण मीटरभराच्या वर वाढतो, हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो आणि समोर येईल ते खातो. २००० साली केंद्र सरकारनं त्याच्यावर बंदी घातलीय, राष्ट्रीय हरित लवादानंही त्याचे साठे नष्ट करायला सांगितलंय. पिल्लू कितीही गोंडस दिसू दे, कोणी फुकट देऊ दे, घरी आणायचं नाही.

आपण बोलतोय ते सिनोडॉन्टिसबद्दल. याच्या शंभराच्या वर जाती आहेत, सगळ्या आफ्रिकेतल्या, काँगो, नाईल, नायजर, व्होल्टा असल्या मोठ्या नद्यांमधल्या आणि काही तिथल्या तळ्यांमधल्या. इंग्रजीत यांना स्क्वीकर म्हणतात, कारण पाण्याबाहेर काढला की किरकिरतो. छातीच्या पंखाचा पुढचा काटा मुळाशी खोबणीत घासून तो आवाज काढतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं पंप बिघडला.

घरी ठेवण्यासारख्या नदीतल्या जाती मुख्यतः दोन:

उलटा कॅटफिश, म्हणजे सिनोडॉन्टिस नायग्रिव्हेंट्रिस. काँगोच्या खोऱ्यातला, जेमतेम साडेतीन-चार इंच होतो, आणि पोट वर करून पोहतो. पानांच्या आणि लाकडाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शेवाळ, किडे, पाण्यावर पडलेल्या अळ्या खायला त्याला ते सोयीचं पडतं. बाकीच्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, याचं उलटं आहे, पोट गडद, म्हणजे उताणा असताना वरून बघणाऱ्या पक्ष्याला तो दिसू नये. पिल्लं मात्र पहिले दोनेक महिने सरळच पोहतात. उलटं पोहणारे सिनोडॉन्टिस नाईलमध्ये पण आहेत, आणि इजिप्तच्या जुन्या थडग्यांमध्ये भिंतीवर कोरलेल्या माशांत ते उताणेच कोरलेत, म्हणजे त्या लोकांनी किती नीट बघितलं असेल बघा.

दुसरा फेदरफिन, सिनोडॉन्टिस युप्टेरस. नाईल, नायजर, चाड, व्होल्टा या पट्ट्यातला. दुकानात दोन इंचाचा, तपकिरी नक्षीचा, अगदी गरीब दिसतो. तो आठ इंच सहज होतो आणि जास्तीत जास्त फूटभर जाऊ शकतो. मला दुकानदारानं सांगितलं होतं, "दादा, हा एवढाच राहतो." दोन वर्षांत सहा इंच झाला आणि तोवर माझा टँक दोन फुटी होता. त्यामुळं आधी स्वतःला विचारा की पुढची दहा-पंधरा वर्षं हा मासा सांभाळणार आहात का, कारण नीट ठेवला तर तो तेवढा जगतो. पोरगं दहावीला असताना आणला तर त्याच्या लग्नात पण असेल.

टांगानिका तळ्यातले ठिपकेवाले सिनोडॉन्टिस पण मिळतात, दिसायला फार सुंदर, पण ते तळ्यातले, त्यांना क्षारयुक्त जड पाणी लागतं, त्यांचा हिशोब वेगळा. आणि एक सांगतो, दुकानात हार्मोनची इंजेक्शनं देऊन पैदास केलेले संकरित सिनोडॉन्टिस बरेच येतात, ते कुठल्या जातीचे हे कोणालाच सांगता येत नाही, किती मोठे होतील ते पण नाही. ठिपके फार विस्कटलेले वाटले आणि दुकानदाराला जात सांगता येईना, तर मोठा होणार असं धरूनच टँक ठरवा.

टँक आणि जागा

उलट्या कॅटफिशला एकट्याला करमत नाही, चार-पाचचा ग्रुप लागतो, त्यांना तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच एवढा टँक छान होतो, साधारण दीडशे लिटर. फेदरफिन एकटाच ठेवा, मोठेपणी आपल्याच जातवाल्याशी जागेवरून भांडतो. त्याला चार फूट बाय दीड बाय दीड, हिशोबानं अडीचशे लिटर. लहान आहे तोवर लहान टँक आणि मग मोठा घेऊ, असं सगळे म्हणतात, मी पण म्हटलं होतं, शेवटी दोनदा खर्च होतो आणि मधल्या काळात मासा खुंटतो.

अडीचशे लिटर म्हणजे नुसतं पाणीच अडीचशे किलो, त्यात काच, वाळू, दगड धरले तर सव्वातीनशेच्या वर जातं. लाकडी टीव्ही युनिटवर ठेवायचं नाव काढू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घ्या, चारी पाय टेकतात का ते लेव्हल ट्यूबनं बघा, आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाका, नाहीतर खडा राहिला तर तळ तडकतो. वरच्या मजल्यावर ठेवायचा असेल तर खोलीच्या मधोमध नको, भिंतीच्या कडेला, खाली बीम असेल तिथं. खिडकीतलं ऊन थेट पडायला नको, शेवाळ होतं आणि या माशाला उजेड आवडतही नाही.

झाकण हवंच. घाबरला की उडी मारतो.

आतली मांडणी: इथं कंजूषपणा नको

या माशाचं सगळं आयुष्य तळाशी आणि आडोशाला जातं, म्हणून तळ आणि आडोसा या दोनच गोष्टींत खरी अक्कल लागते.

तळाला बारीक गोल वाळू. हल्ली बांधकामावर सगळीकडं क्रश सँड असते, ती अजिबात वापरायची नाही, तिचे कण धारदार असतात आणि माशाच्या मिशा झिजतात. मिशा म्हणजे त्याचे हात आणि जीभ एकत्र, त्यांनीच तो अंधारात खाणं शोधतो. नदीची वाळू मिळाली तर घरच्या चाळणीनं चाळा, बादलीत घेऊन पाणी निवळ येईपर्यंत धुवा, मला बारा-तेरा पाणी लागलं. मग मूठभर वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर त्यात चुनखडी आहे, पाणी जड करेल, ती वाळू नको. दीड ते दोन इंच थर बास, त्याच्यापेक्षा जाड केला तर खाली घाण सडते.

दगड आपल्याकडचा काळा दगड उत्तम, बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. फक्त फोडलेला, कडा असलेला नको, ओढ्यातला गुळगुळीत झालेला घ्या आणि आधी काचेवर ठेवून मग वाळू टाका, नाहीतर मासा खालची वाळू उकरतो आणि दगड काचेवर येतो.

लपायला मातीचं मडकं आडवं, जुनी कौलं, किंवा पाईपलाईनच्या दुकानातला तीन-चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा. पाईपच्या कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या. भोक माशाच्या मानानं ऐसपैस पाहिजे आणि दोन्हीकडून उघडं, कारण हा मासा घाबरला की पाठीचा आणि छातीचा काटा उभा करून लॉक करतो, अरुंद भोकात पुढं घुसला तर मागं येता येत नाही. मासे किती, त्याच्यापेक्षा एक-दोन घरं जास्त ठेवा.

लाकडाबद्दल आपल्या भागाची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षाची जुनी बाग काढली की वेड्यावाकड्या खोडांचे ढीग पडलेले असतात, आणि दिसायला ती खोडं टँकसाठीच बनवल्यासारखी असतात. माझ्या मावसभावानं पण मोठ्या प्रेमानं एक आणून दिलं. नाही वापरलं. द्राक्षावर वर्षानुवर्षं बोर्डो मारतात, त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, वरून बाकीची औषधं वेगळीच. या माशाला खवले नाहीत, नुसती कातडी आहे, तांबं त्याला फार बाधतं. शिवाय ते लाकूड पाण्यात कुजतं. दुकानातलं बोगवूड किंवा ड्रिफ्टवूड घ्या, एकदा उकळा, आठवडाभर भिजत घाला, पाणी चहासारखं झालं तरी काळजी नाही, काँगोच्या उपनद्यांचं पाणी तसंच असतं. उलट्या कॅटफिशला तर लाकडाची कमान हवीच, तिच्या खाली तो छपराला पाल चिकटावी तसा उलटा लागून बसतो.

झाडांत अनुबियास लाकडाला दोऱ्यानं बांधा, ते पण मूळचं आफ्रिकेतलंच, कमी उजेडात जगतं. वर तरंगणारी थोडी झाडं असली की खाली सावली पडते. कृष्णेतनं जलपर्णी उचलून आणू नका, तिच्याबरोबर गोगलगायी, जळवा, रोग सगळं येतं.

फिल्टर जरा ताकदीचा. नदीतला मासा आहे, वाहतं आणि हवा असलेलं पाणी त्याला लागतं. टँकचं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरेल असा बघा, म्हणजे चार फुटीला तासाला बाराशे ते पंधराशे लिटरचा. कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, परवडला तर उत्तम, नाहीतर टॉप फिल्टर आणि जोडीला एक स्पंज फिल्टर. पंपाची आणि हीटरची वायर सॉकेटच्या खाली एक झोळ देऊनच वर न्या, वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळात खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

पाणी, आणि महिनाभर थांबणं

सांगली-मिरजेच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं आणि या माशाला ते चालतं, फक्त त्यातलं क्लोरीन काढावं लागतं. मी शंभर लिटरच्या ड्रममध्ये आदल्या रात्री भरून एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवतो आणि तरीही अँटीक्लोरीनचे थेंब टाकतो. बोअरचं पाणी वापरायचं असेल तर आधी तपासा. आपल्या नदीकाठच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या काही बोअरचं पाणी इतकं खारट आणि जड असतं की बादलीवर पांढरा थर बसतो. पीएच ६ ते ७.५ आणि मऊ ते मध्यम पाणी हे त्याच्या पसंतीचं, फेदरफिन थोडं जास्त जड पण सहन करतो. बोअर फार जड असेल तर आरओचं किंवा पावसाचं गच्चीवरचं स्वच्छ पाणी मिसळून खाली आणता येतं, पण मिसळायचं प्रमाण रोजच्या रोज बदलू नका. माशाला एक आकडा नेमका असण्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं आहे.

आता जे सगळे टाळतात ते. टँक भरल्यावर लगेच मासा सोडायचा नाही. माशाच्या मूत्रविष्ठेतनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात घर करतात आणि त्यांना जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकायचं, ते सडून अमोनिया होतो, जिवाणूंना खाद्य मिळतं. घरातले म्हणतात रिकाम्या टँकला कसलं जेवण घालतोयस, म्हणू देत. कोणा मित्राचा निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा, ओलाच आणा, हे काम निम्म्या वेळात होतं. द्रव थेंबांची टेस्ट किट घ्या, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागलं की मग मासा.

पुढं दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलायचं, पाईपनं तळाची घाण ओढत. स्पंज नळाखाली कधी धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात, टँकमधनं काढलेल्या पाण्यातच पिळा.

तापमान २३ ते २७ च्या दरम्यान. डिसेंबर-जानेवारीत रात्री आपल्याकडं चांगलीच थंडी पडते, मोठ्या टँकला दोनशे वॉटचा हीटर लावा आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची जाळीदार टोपी पाहिजेच, कारण हा मासा उबेला हीटरला चिकटून बसतो आणि भाजतो. उन्हाळा जास्त अवघड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की टँकचं पाणी पण ३१-३२ होतं, आणि गरम पाण्यात हवा कमी विरघळते. झाकण थोडं उचलून फटीला जाळी लावा, पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅन सोडा, एअर पंप रात्रंदिवस. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत गोठवून तरंगत सोडा, तेही एकेक. मासे वर येऊन तोंड मिटमिट करायला लागले तर समजा हवा कमी पडतेय.

लाईट जाते हे धरूनच चाला. सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. तीन-चार तासांच्या वर लाईट गेली आणि कॅनिस्टर बंद राहिला, तर आल्यावर लगेच बटण दाबू नका, आतलं पाणी नासलेलं असतं ते टँकमध्ये ओतलं जाईल. उघडा, ओतून टाका, टँकच्याच पाण्यानं खळाळून घ्या, मग चालू करा.

मासा निवडणं आणि घरी आणणं

दुकानात गेलं की पोट बघा, खपाटीला गेलेलं नको. मिशा पूर्ण आणि दोन्हीकडं सारख्या हव्यात. अंगावर पांढरे ठिपके, लाल चट्टे नकोत. दिवसा लपलेला असेल तर ते चांगलंच लक्षण. त्याला जाळीनं काढू देऊ नका हे दुकानदाराला आधी सांगा, भाऊ, डब्यानं काढा म्हणावं. काट्यांना करवतीसारखे दात असतात, जाळीत अडकले की ओढून निघत नाहीत. माझ्या हातनं एकदा अडकला होता, मासा किरकिरतोय, मी ओढतोय, आणि बायको म्हणाली अहो ओढू नका, कात्री घ्या. शेवटी ओल्या टॉवेलवर धरून जाळीचे धागे एकेक कापले, काट्याच्या दोन दातांमध्ये एक हिरवा धागा राहिला तो त्यानंच चार दिवसांत काढला. तेव्हापासनं जाळी माळ्यावर टाकली, आईस्क्रीमचा मोठा डबाच वापरतो. हाताला काटा टोचला तर चांगलं ठणकतं, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, सूज वाढली तर डॉक्टरकडं जा. नदीवर शिंगाळा धरणाऱ्यांना हे सांगायला नको.

लांबून येणार असेल तर पिशवी दुहेरी, कागदात गुंडाळून, कारण काटा पिशवीला भोक पाडतो. घरी आल्यावर टँकची लाईट बंद, पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी आत, तासभर. नंतर मासा डब्यानं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा.

आणि मग तो आठवडाभर दिसणार नाही. रोज दगड उचलून बघू नका. खाणं सकाळी शिल्लक नाही म्हणजे तो आहे.

उलटा कॅटफिश आणलेल्यांना अजून एक. माझ्याकडं आधी ते पाच होते, पहिल्याच संध्याकाळी आई हाक मारत आली, "आरं, तुझा मासा मेला वाटतं, उताणा पडलाय." मी धावत आलो तर पाच पण उताणे, आणि पाचही मजेत. पण फेदरफिन सारखा उताणा, श्वास जोरात, रंग उडालेला असेल तर मात्र लगेच पाणी तपासा.

खाणं

रात्री लाईट बंद केल्यावर, एकदाच. बुडणाऱ्या गोळ्या हा मुख्य आहार, तरंगणारं खाणं वरचे मासेच संपवतात. आठवड्यातनं दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा ब्राइन श्रिम्प (बारीक कोळंबीसारखा जीव), फ्रीजरच्या कोपऱ्यात डबा बंद करून ठेवला तर घरचे चालवून घेतात. गांडूळ त्याला फार आवडतं, पण फवारणीच्या शेतातलं नको, गांडूळ खताच्या बेडमधलं घ्या, एक दिवस ओल्या कापडात ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते, मग बारीक तुकडे. भाजी पण खातो, सोललेल्या काकडीची चकती, उकडलेला मटार साल काढून, दुधीचा तुकडा. उरलेली भाजी सकाळी काढून टाका.

जास्त खाऊ घालणं हीच खरी चूक होते, हा मासा थांबत नाही, पोट नगाऱ्यासारखं होईपर्यंत खातो. आमच्याकडं शनिवारी आईचा उपवास असतो, त्या दिवशी टँकला पण उपवास, इतक्या वर्षांत याचा फायदाच दिसला.

शेजारी कोण

तोंडात मावेल तो मासा रात्रीत गायब होतो, हा एकच नियम. फेदरफिनबरोबर निऑन टेट्रा, गप्पी ठेवायचे नाहीत, माझे अकरा निऑन असेच गेले, एकेका रात्रीत दोन-दोन, आणि मला आठवडाभर कळलंच नाही की जातात कुठं. त्याच्याबरोबर काँगो टेट्रा सगळ्यात शोभतात, ते पण आफ्रिकेतलेच, वरच्या थरात पोहतात. मोठे बार्ब, रेनबोफिश, क्रिबेन्सिस पण चालतात. उलटा कॅटफिश गरीब आहे, मध्यम आकाराच्या शांत माशांबरोबर छान राहतो. गोल्डफिशबरोबर दोन्ही नकोत, त्याला थंड पाणी लागतं. तळाला दुसरा मोठा कॅटफिश पण नको, गुहेवरून मारामाऱ्या होतात.

घरी पिल्लं काढायचा नाद मात्र सोडा, नदीतल्या सिनोडॉन्टिसची पैदास साध्या टँकमध्ये सहसा होत नाही.

आजारी पडला तर

पहिलं औषध म्हणजे पाणी बदलणं. नव्वद टक्के तक्रारी पाण्याच्या असतात असं माझा अनुभव सांगतो. मिशा तोकड्या व्हायला लागल्या तर तळ घाण आहे.

पांढरे ठिपके, म्हणजे इक, आला तेव्हा मी दुकानातली निळी-हिरवी बाटली आणली आणि लेबलवर लिहिलेला पूर्ण डोस टाकला. अर्ध्या तासात फेदरफिन पृष्ठभागावर आडवा होऊन धापा टाकायला लागला. निम्मं पाणी काढलं, नवीन भरलं, रात्रभर जागलो, वाचला. खवले नसलेल्या माशाला मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन, तांबं असलेली औषधं आणि जास्त मीठ फार बाधतं, हे मला त्या रात्री कळलं. आता मी आधी तापमान रोज एक-एक डिग्रीनं वाढवत तीसपर्यंत नेतो, हवा दुप्पट करतो, एक दिवसाआड तळ ओढून पाणी बदलतो आणि हे दहा-बारा दिवस चालू ठेवतो, ठिपके गेले तरी मध्येच थांबत नाही, कारण त्या जंतूची पिल्लावळ तळात असते. औषध लागलंच तर अर्धा डोस.

पूर आला तर

हे बाहेरच्या लेखांत कुठं मिळणार नाही आणि आपल्याला तर लागतंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं. तेव्हापासून माझा नियम: पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला गेलं की माशांचं खाणं बंद. उपाशी मासा पाणी कमी घाण करतो आणि मोठा फेदरफिन आठवडाभर न खाता आरामात राहतो. ड्रम आणि झाकणाची मोठी बादली वरच्या मजल्यावर चढवायची, सेलचा पंप आणि जादा सेल पिशवीत, नळाला पाणी आहे तोवर दोन ड्रम भरून घ्यायचे, कारण पुरात सगळीकडं पाणी असतं आणि नळाला नसतं. पाणी वाढतंय असं दिसलं की मासा डब्यानं काढून टँकच्याच पाण्यात ड्रममध्ये, बरोबर एक पाईपचा तुकडा लपायला, आणि फिल्टरचा स्पंज पण त्याच ड्रममध्ये, म्हणजे जिवाणू वाचतात. २०१९ ला तो नऊ दिवस असा ड्रममध्ये राहिला, मी रोज दोन तांबे जुनं पाणी काढून दोन तांबे साठवलेलं घालत होतो.

त्या आठवड्यात एकानं सुचवलं होतं की सोडून दे पाण्यात, नदी दारात आलीच आहे, जगेल बिचारा. ते करायचं नाही, पुरात पण नाही, वैतागलात तरी नाही, टँक विकला तरी नाही. उजनी धरणाच्या पाण्यात सकरमाउथ (काचेला तोंडानं चिकटणारा कॅटफिश) सापडतो तो कोणाच्या तरी टँकमधनंच सुटलेला. आपल्या कृष्णेत शिंगाळा आहे, मरळ आहे, वाम आहे, त्यांच्या अंड्यांवर आणि खाण्यावर परका मासा आणून सोडायचा आपल्याला काही अधिकार नाही. ठेवायला जमत नसेल तर दुकानात परत द्या, दुसऱ्या छंदवाल्याला द्या, मोठा टँक असलेला कोणी ना कोणी घेतो.

पूर ओसरल्यावर टँक आतनं ब्रशनं घासा, साबण न लावता. पुराचं पाणी शिरलं असेल तर जुनी वाळू टाकूनच द्या, त्यात डिझेल, ड्रेनेज, शेतातली औषधं सगळं असतं. काच आणि दगड ब्लीचिंगच्या पातळ पाण्यानं धुऊन चार दिवस उन्हात वाळवा. नळ सुरू झाल्यावर पहिले काही दिवस क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटीक्लोरीन नेहमीपेक्षा जास्त लागतं, आणि ते पाणी एक रात्र हवा सोडून ठेवल्याशिवाय वापरू नका. ड्रममधला स्पंज परत फिल्टरमध्ये बसवा, दोन दिवस नुसतंच फिरू द्या, अमोनिया तपासा, मग मासा. आमच्या फेदरफिननं सोडल्या सोडल्या जुनं मडकं शोधलं, ते त्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं गेलं होतं, तर रात्रभर तो जुन्या कोपऱ्यातली वाळू हुंगत फिरत होता. सकाळी मडकं उचलून पहिल्या जागी ठेवलं, आणि तो आत गेला.